देहप्रतिमेचा ताण

स्वतःच्या शरीराचे जे चित्र माणूस मनात बाळगतो, ती त्याची देहप्रतिमा. ती आरशातल्या शरीराशी जुळतेच असे नाही. 'मी असा दिसतो' आणि 'मी असा दिसायला हवा' यांत अंतर पडले, आणि ते चारचौघांच्या नजरेत भरते आहे अशी धास्ती बसली, की ताण सुरू होतो. वजन, वर्ण, उंची, टक्कल, मुरुमांचे वण, बाळंतपणानंतर सुटलेले पोट हे त्याचे नेहमीचे विषय. ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी १९३५ साली देहप्रतिमेची सविस्तर मांडणी केली. हा ताण म्हणजे आजार नव्हे. मात्र एकाच अवयवाच्या विचारात रोज तासाहून अधिक वेळ जाऊ लागला आणि त्यापायी काम किंवा बाहेर पडणे अडू लागले, तर बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर (दिसण्यातल्या किरकोळ किंवा नसलेल्या दोषाचा ध्यास) या विकाराची तपासणी करून घ्यावी लागते.

सामाजिक मुळे

मराठी घरांत शरीरावरचा शेरा हा विचारपूस म्हणूनच येतो. 'केवढी सुटलीस गं', 'खाल्लेलं अंगाला लागत नाही का', 'उन्हात जाऊ नकोस, काळवंडशील'. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, म्हणून ऐकणाऱ्याला उलट बोलताही येत नाही. लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' हा रकाना अजून असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी एक शब्द भरायचा असतो. यांतला 'निमगोरा' हा रंगापेक्षा तडजोडीचाच शब्द म्हणायला हवा. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमचे नाव २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झाले, रकाना राहिला. पडद्याचा वाटाही मोठा आहे. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी पोहोचली. तोवर वजन आटोक्यात ठेवण्यासाठी उलटी काढणाऱ्या शाळकरी मुली तेथील पाहणीत आढळल्या नव्हत्या. १९९८ च्या पाहणीत त्यांचे प्रमाण ११.३ टक्के निघाले.

कामावरील परिणाम

ठाण्यात नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड या भागांतली कपड्यांची आणि दागिन्यांची दुकाने, हॉटेलांचे आणि रुग्णालयांचे स्वागतकक्ष, अशा ठिकाणी रूप हा कामाचा न लिहिलेला भाग असतो. नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, घणसोलीच्या कार्यालयांत तो तसा नसतो, पण तिथे वेगळी अडचण आहे. रात्रपाळीत झोप आणि जेवणाच्या वेळा उलटतात, पहाटे तीनला भूक लागते तेव्हा हाताशी वडे, सामोसे आणि गोड चहाच असतो. वजन पाळीमुळे वाढते आणि दोष मात्र माणूस स्वतःच्या जिभेला देतो.

कामाचे नुकसान रजेच्या हिशेबात क्वचितच दिसते. ते दोन सवयींतून होते. पहिली सवय तपासण्याची: लिफ्टचा आरसा, मोबाइलचा कॅमेरा, पोटावरचा शर्ट पुन्हा पुन्हा ओढणे. दुसरी टाळण्याची: डबा एकट्याने खाणे, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत सरकणे, कॅमेरा बंद ठेवणे, सादरीकरण दुसऱ्याच्या गळ्यात घालणे आणि शेवटी ग्राहकांपुढे जावे लागेल म्हणून बढतीच नाकारणे. वरिष्ठाला हा माणूस निरुत्साही वाटतो. मन सतत स्वतःच्या दिसण्यावर पहारा ठेवत असले की समोरच्या कामाला लक्ष अपुरे पडते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात पोहण्याचा पोशाख घालून गणिते सोडवणाऱ्या मुलींचे गुण स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा कमी आले; मुलग्यांत तसा फरक दिसला नाही.

व्हिडिओ मीटिंगमध्ये दिसणारा चेहरा तर खराही नसतो. सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून दिसते त्यापेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसते. लॅपटॉप हातभर मागे सारावा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणावा आणि स्वतःचे चित्र लपवण्याची सोय वापरावी. इतरांना आपण दिसतोच.

कार्यालयांतल्या वजन घटवण्याच्या स्पर्धा हेतूने चांगल्या असल्या तरी बहुधा उलट्या पडतात. शेवटच्या आठवड्यात स्पर्धक जेवण आणि पाणी तोडतात, काट्यावर उतरलेले दोन-तीन किलो बरेचसे पाण्याचे असतात आणि पंधरवड्यात ते परत येतात. सोबत हरल्याची भावना येते. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २३ च्या पुढे जादा वजन मानतात, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीला साधारण ६३ किलो. ही चाळणी आहे, निदान नव्हे. कमरेचा घेर (पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत) पोटातील चरबीचा अधिक चांगला अंदाज देतो. दोन्ही मापे बंद खोलीत घ्यावीत. गणवेशाचे मापही सर्वांदेखत विचारू नये. मोठी मापे आधीच मागवून ठेवली तर निम्मी कुचंबणा टळते.

उपायांतले धोके

गोरे होण्यासाठी मोमेटासोनसारखे स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या औषधांचे मिश्रण असलेली ट्यूब सर्रास लावली जाते. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव आणि पुरळ येते. ट्यूब एकदम थांबवली की आग होते, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. २०१८ पासून स्टिरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मैत्रिणीने सुचवलेली ट्यूब थांबत नाही. ती सोडायची तर त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने. लेबल नसलेल्या क्रीममध्ये पारा असू शकतो. त्याने मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडतात. चेहऱ्यावर, पायांवर सूज आणि लघवीला फेस दिसल्यास लघवीतील प्रथिने तपासावीत. जिममधल्या मुलांना दंडाचा घेर वाढवण्यासाठी दिली जाणारी ॲनाबॉलिक (पुरुषी संप्रेरकाच्या जातीची) स्टिरॉइड इंजेक्शने वृषणे आकसवतात आणि शुक्रजंतू घटवतात.

उपचार

बोधनिक वर्तन उपचारात (सीबीटी; विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती) आधी नोंदवही ठेवतात: कधी तपासले, काय टाळले, किती वेळ गेला. मग टाळलेल्या गोष्टींची सोप्यापासून अवघडाकडे शिडी करून एकेक पायरी चढतात. आरशासमोर उभे राहून 'कुरूप' न म्हणता 'नाक रुंद, डाव्या गालावर तीन वण' असे निव्वळ वर्णन करण्याचा सराव असतो. विकार जडला असल्यास एसएसआरआय गटातील (नैराश्यातही वापरली जाणारी) औषधे देतात. त्यांचा गुण ठरवायला बारा आठवडे लागतात. सौंदर्यशस्त्रक्रियेने अशा रुग्णाचे समाधान क्वचितच होते. काळजी दुसऱ्या अवयवावर सरकते. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. घरच्यांची नेहमीची चूक म्हणजे 'छान दिसतेस' असा धीर पुन्हा पुन्हा देणे. तो पाच मिनिटे पुरतो आणि प्रश्न परत येतो. त्याऐवजी 'हे तू आज किती वेळा विचारलंस?' असे शांतपणे विचारून हातातल्या कामाकडे वळवावे.