दहा येनसाठी माफी

2016 च्या एप्रिलमध्ये जपानी टीव्हीवर एक अजब जाहिरात लागली. आइसकँडी बनवणाऱ्या कंपनीचे साहेब आणि कर्मचारी रांगेत उभे, सगळे कमरेतून वाकलेले. गुन्हा काय? 25 वर्षं 60 येनला मिळणारी कांडी 70 येनची झाली होती. कांडीचं नाव गारीगारी-कुन, आपल्या गारेगारचा भाऊच शोभावा!

दहा येनची एवढी धास्ती का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. 1989 च्या अखेरीस जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 38,915 वर होता. मग शेअर आणि जमिनीच्या भावांचा फुगा फुटला. कंपन्या कर्ज फेडण्यामागे लागल्या, पगार गोठले, लोकांनी हात आखडला. दशक संपता संपता किमतीही उतरू लागल्या, बहुतेक वर्षी जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी.

एवढ्याशा स्वस्ताईने काय बिघडतं, हे कर्जदाराला विचारावं. विक्री घटते, पगार घटतो, हप्ता मात्र करारात लिहिलेला तेवढाच राहतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी 1933 मध्येच हा फास दाखवला होता. कर्ज फेडायला सगळेच एकदम माल विकायला काढतात, भाव आणखी पडतात आणि फेडूनही कर्ज जडच होत जातं.

बँक ऑफ जपान या तिथल्या मध्यवर्ती बँकेने 1999 मध्ये व्याजदर जवळपास शून्यावर आणला. पण भाव वर्षाला एक टक्का पडत असतील, तर बिनव्याजी कर्जही प्रत्यक्षात एक टक्क्याला पडतं. कारण परत करायच्या तेवढ्याच येनमध्ये आता जास्त माल येतो. कपाटातली नोट बसल्या जागी वाढत असताना खर्चाची घाई कोण करेल? सरकारने त्याच वर्षी लहान मुलांच्या कुटुंबांना आणि काही वृद्धांना 20,000 येनची कुपनं वाटली, सहा महिन्यांत खर्चायच्या अटीवर. लोकांनी ती वापरली, पण बरीचशी एरवीही घेतल्या असत्या अशाच वस्तूंवर. वाचलेली रोकड घरात राहिली.

टीव्ही, संगणक स्वस्त होतात ती गोष्ट निराळी. तिथे तंत्र सुधारलेलं असतं. गिऱ्हाइकाअभावी आलेली स्वस्ताई मला चिवट वाटते ती सवयीमुळे. भाव वाढवला तर गिऱ्हाईक जाईल म्हणून कंपनी भाव वाढवत नाही, म्हणून पगार वाढवत नाही, आणि पगार वाढत नाही म्हणून गिऱ्हाईक दहा येनलाही बिचकतं.

बँक ऑफ जपान पुढे उणे व्याजदरापर्यंत गेली, म्हणजे बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या काही पैशांवर व्याज देण्याऐवजी तीच शुल्क घेऊ लागली. हा उणे दर तिने मार्च 2024 मध्ये मागे घेतला. त्याच महिन्यात कांडी 80 येनची झाली.