ओश्चेपकोव्ह, वसिली सेर्गेयेविच

(२५ डिसेंबर १८९२ – १० ऑक्टोबर १९३७). रशियन ज्युदोपटू, प्रशिक्षक आणि सांबो या कुस्तीप्रकाराचा आद्य प्रवर्तक. सखालीन बेटावरील अलेक्सांद्रोव्स्क येथे, काळ्या पाण्याची शिक्षा भोगणाऱ्या मातेच्या पोटी त्याचा जन्म झाला. वरील जन्मतारीख ज्यूलियन पंचांगाची आहे. तिची ग्रेगरियन तारीख काही ठिकाणी ७ जानेवारी १८९३ दिलेली आढळते. तथापि एकोणिसाव्या शतकात दोन्ही पंचांगांत बारा दिवसांचेच अंतर असल्याने ६ जानेवारी ग्राह्य धरणे सयुक्तिक होय.

लहानपणीच पोरका झाल्यावर त्याला जपानमधील ऑर्थोडॉक्स मिशनच्या शाळेत पाठविण्यात आले. २९ ऑक्टोबर १९११ रोजी त्याने टोकियोच्या कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेत प्रवेश घेतला व १९१३ मध्ये पहिली दान (ज्युदोतील श्रेणी) पदवी मिळविली. पुढे व्लादिव्होस्तोक येथे अध्यापन, जपानमध्ये सोव्हिएट लष्करासाठी हेरगिरी आणि १९३० च्या सुमारास मॉस्कोतील शारीरिक शिक्षण संस्थेत प्रशिक्षक, असा त्याचा प्रवास झाला.

सांबोचे जनकत्व वादग्रस्त आहे. अनेक दशके अधिकृत सोव्हिएट मत असे, की अनातोली खार्लाम्पियेव्हने विविध सोव्हिएट जमातींच्या लोककुस्त्यांतून हा प्रकार घडविला. व्हिक्तर स्पिरिदोनोव्ह हाही १९२० च्या दशकापासून दिनामो या क्रीडासंघटनेत स्वसंरक्षण शिकवीत असे. मात्र त्याचे शिक्षण मुख्यतः पोलीस व सुरक्षादलांपुरते होते. खुद्द खार्लाम्पियेव्ह ओश्चेपकोव्हचा शिष्य होता, ही गोष्ट अधिकृत कथनातून दीर्घकाळ गळलेली दिसते. लोककुस्तीचे मत सर्वस्वी निराधार नाही: चिदाओबा या जॉर्जियन लोककुस्तीतही जाकीट धरूनच पेच टाकतात. परंतु चिदाओबात जमिनीवरची लढत नसते, आणि सांबोत तर खाली पाडल्यावर कोपर उलटे ताणण्याची पकड मोलाची मानली जाते. ही पकड कोदोकानची आहे. त्यामुळे मूळ गाभा ज्युदोचा व भर लोककुस्त्यांची, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते. फरकही लक्षणीय आहेत. खेळाच्या सांबोत गळा आवळणे वर्ज्य, तर पायाच्या सांध्यावरील पकडी मान्य आहेत; आजच्या ज्युदोत नेमके उलट. मल्ल अनवाणी नसून बूट घालतो आणि जाकिटाचा पट्टा कमरेवरच्या चिरांतून ओवलेला असल्याने हिसक्याने जाकीट वर सरकत नाही.

ऑक्टोबर १९३७ च्या प्रारंभी जपानचा हेर ठरवून ओश्चेपकोव्हला अटक झाली. बुतिर्का तुरुंगातील त्याच्या मृत्यूचे कारण हृदयविकार असे नोंदले गेले. १६ नोव्हेंबर १९३८ रोजी सोव्हिएट क्रीडा समितीने या कुस्तीप्रकाराला ‘मुक्त शैलीची कुस्ती’ या नावाने मान्यता दिली, अशा वेळी जपानी मुळाचा वा त्याच्या नावाचा उल्लेख होणे शक्यच नव्हते. ‘सांबो’ हे नाव या खेळाला १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिकटले.

१९५७ मध्ये ओश्चेपकोव्हला मरणोत्तर निर्दोष ठरविण्यात आले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा सांबोत तयार झालेल्या सोव्हिएट मल्लांनी चार कांस्यपदके जिंकली. सांबोची पहिली जागतिक स्पर्धा १९७३ मध्ये तेहरानला भरली.