ट्रोपोनिन नॉर्मल आलं, तरी हार्ट अटॅक होता: असं का घडतं?

सकाळी सातला छातीत जड वाटू लागलं. ओवा खाल्ला, सोडा प्यायला, दोन ढेकर आले. तरी बरं वाटेना म्हणून आठला नाक्यावरच्या लॅबमध्ये रक्त दिलं. दहाला मोबाइलवर रिपोर्ट आला: ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, नॉर्मल. घरचे निर्धास्त झाले आणि दुपारी त्याच माणसाला कॅज्युअल्टीत न्यावं लागलं. मुंबईतल्या हृदयरोगतज्ज्ञांना हा क्रम नवा नाही. नातेवाइकांचा प्रश्नही ठरलेला असतो, लॅबने चुकीचा रिपोर्ट दिला का? बहुतेक वेळा रिपोर्ट बरोबरच असतो. आठ वाजता त्या रक्तात ट्रोपोनिन खरोखरच कमी होतं. घोटाळा रक्त कधी घेतलं इथे आहे, आणि एकाच आकड्यावर विसंबण्यात आहे.

हे समजण्यासाठी ट्रोपोनिन हृदयात काय काम करतं ते पाहायला हवं. शाळेत शिकलेलं आठवा: स्नायूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे असतात. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून ओढतात आणि स्नायू आकुंचन पावतो. पण ही पकडायची जागा कायम मोकळी असती, तर हृदय एकदा आवळलं की सैल पडलंच नसतं. म्हणून ॲक्टिनच्या माळेवर ट्रोपोमायोसिन नावाची दोरी पसरलेली असते आणि ती मायोसिनची पकडायची जागा झाकते. माळेतल्या दर सात मण्यांमागे या दोरीवर एक कडी बसवलेली असते. ती कडी म्हणजे ट्रोपोनिन.

कडीचे भाग तीन. टी हा भाग कडी दोरीला बांधून ठेवतो. आय हा भाग ॲक्टिनला धरून दोरी जागेवर दाबून ठेवतो. सी हा भाग कॅल्शियमची वाट पाहतो. विद्युत संदेश आला की पेशीतलं मोकळं कॅल्शियम साधारण दहापट वाढतं. ते सीला चिकटतं, सीचा आकार बदलतो, तो आयला स्वतःकडे ओढतो, आयची ॲक्टिनवरची पकड सुटते, दोरी बाजूला सरकते आणि मायोसिनला वाट मोकळी होते. मग पंप कॅल्शियम परत कोठारात ओढून नेतात आणि कडी पुन्हा बंद होते. मिनिटाला ७० ठोके धरले तर हे दिवसाला सुमारे एक लाख वेळा घडतं, जन्मापासून शेवटच्या श्वासापर्यंत. जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात ट्रोपोनिन शोधलं, ते स्नायूंचं आकुंचन समजून घेण्यासाठी. त्यातून पुढे हार्ट अटॅकची चाचणी निघाली, हे मला आजही विलक्षण वाटतं.

हातापायांच्या स्नायूंतही ट्रोपोनिन असतं. पण हृदयातल्या टी आणि आय यांची अमिनो आम्लांची रचना वेगळी आहे, म्हणून ते रक्तात वेगळे ओळखता येतात. सीच्या बाबतीत ही सोय नाही, कारण हृदयातला सी हातापायांच्या काही स्नायूंतही तसाच सापडतो. त्यामुळे रिपोर्टवर ट्रोपोनिन टी किंवा आय दिसतं, सी कधीच नाही. याआधीच्या चाचण्या इतक्या नेमक्या नव्हत्या. १९५४मध्ये हार्ट अटॅकसाठी वापरलं गेलेलं एसजीओटी आज आपण लिव्हरच्या रिपोर्टमध्ये वाचतो. नंतरची सीपीके-एमबी चाचणी बरी होती, पण लोकलच्या दारातून पडून मांडीला जबर मार बसलेल्या माणसातही ती वाढलेली दिसू शकते.

आता वेळेचा मुद्दा. हृदयाच्या पेशीतलं बहुतेक ट्रोपोनिन धाग्यांवर घट्ट बसलेलं असतं. साधारण ५ ते ८ टक्केच पेशीतल्या पाण्यात सुटं फिरत असतं. हृदयाला रक्त पुरवणारी करोनरी धमनी गुठळीने बंद झाली की वीस-तीस मिनिटांत पेशी मरू लागतात, आधी आतल्या थरातल्या आणि मग बाहेरच्या. पेशीचं आवरण फाटलं की हा सुटा वाटा आधी बाहेर पडतो. धाग्यांवरचा साठा त्यानंतर तुटत, विरघळत कित्येक दिवस झिरपत राहतो. शिवाय धमनी बंद असते तेव्हा त्या भागातून रक्त पुढे जातच नाही, म्हणून झिरपलेलं ट्रोपोनिन शिरेतल्या रक्तापर्यंत पोचायलाही वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या चाचणीत वाढ दिसायला दुखणं सुरू झाल्यापासून ३ ते ६ तास लागतात. नव्या अतिसंवेदनशील चाचणीत ती १ ते ३ तासांत दिसू लागते. आकडा साधारण १२ ते २४ तासांनी सर्वांत वर जातो आणि उतरायला एक ते दोन आठवडे घेतो. म्हणून चार दिवसांपूर्वी ॲसिडिटी समजून अंगावर काढलेला अटॅकही पकडता येतो, पण तासाभरापूर्वीचा निसटू शकतो.

अतिसंवेदनशील ट्रोपोनिन टीची वरची मर्यादा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. माणसाच्या अंगात सुमारे ३ लिटर प्लाझ्मा धरला, तर सगळ्या शरीरात मिळून हे झाले ४२ नॅनोग्रॅम. साखरेच्या एका दाण्याचे दहा हजार भाग केले तरी त्यातला एक भाग याहून मोठा भरेल. एवढंसं प्रथिन पकडण्यासाठी दोन प्रतिपिंडं वापरतात. एक ट्रोपोनिनला एका बाजूने धरतं, दुसरं दुसऱ्या बाजूने धरून प्रकाशाची खूण देतं.

इथे एककांनी लोक फार घाबरतात. एका लॅबचा रिपोर्ट ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणतो, दुसऱ्या लॅबचा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर. दोन्ही आकडे एकच आहेत, हजारपट वाढ झालेली नाही. मात्र टी आणि आय यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. आयची मर्यादा प्रत्येक कंपनीच्या किटची वेगळी असते, अनेक किटांत स्त्री-पुरुषांचीही वेगळी. म्हणून लागोपाठच्या तपासण्या एकाच लॅबमध्ये व्हायला हव्यात.

डॉक्टर पाहतात ते आकड्याची चाल. ट्रोपोनिन टीच्या एका प्रचलित पद्धतीत पहिला आकडा (नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये) १२च्या आत असेल आणि तासाभरात ३पेक्षा कमी हलला, तर अटॅकची शक्यता फारच कमी. पहिलाच ५२ किंवा जास्त असेल, किंवा तासात ५ वा अधिक वाढला, तर दाखल करून पुढचा तपास. मधले रुग्ण देखरेखीखाली राहतात आणि त्यांचं रक्त ३ तासांनी पुन्हा घेतात. २०१८च्या जागतिक व्याख्येनुसारही नुसता वाढलेला आकडा म्हणजे अटॅक नव्हे. आकड्याची चढउतार हवी, आणि सोबत हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण हवी: तसं दुखणं, ईसीजीतला बदल किंवा इको, अँजिओग्राफीतला पुरावा.

कारण ट्रोपोनिन पेशीला इजा झाल्याचं सांगतं, ती कशामुळे झाली हे सांगत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णात ते बारा महिने वाढलेलं असू शकतं. फुफ्फुसात गुठळी अडकली, हृदय निकामी होऊ लागलं, पावसाळ्यात डेंग्यू किंवा लेप्टोने हृदयाच्या स्नायूला सूज आली, तरी ते वाढतं. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावून आलेल्या धडधाकट माणसातही ते मर्यादेवर गेलेलं दिसू शकतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं.

उलट बाजूची एक चूक केसांच्या गोळ्यांमुळे होते. दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) पुरतं. केस-नखांसाठी विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ते १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे तीनशेपटीहून जास्त. काही किटांत प्रतिपिंड पृष्ठभागाला चिकटवायला बायोटिनच वापरतात. रक्तातलं जादा बायोटिन ती जागा अडवतं आणि ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

दम लागत असेल तर एनटी-प्रोबीएनपी ही वेगळी चाचणी उपयोगी पडते. हृदयाच्या भिंती ताणल्या की हे प्रथिन रक्तात वाढतं. अचानक दम लागलेल्या रुग्णात ते ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर बहुधा नाही. लठ्ठ व्यक्तीत आकडा मुळात कमी असतो, वयाबरोबर आणि किडनीच्या आजारात वाढतो.

यातली कुठलीही चाचणी धमनीतलं ब्लॉकेज मोजत नाही. सत्तर टक्के अडथळा असलेल्या, जिना चढताना छाती भरून येणाऱ्या माणसाचं ट्रोपोनिन अगदी नॉर्मल असू शकतं. म्हणून हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ट्रोपोनिन घालून 'हृदय ठणठणीत' म्हणणं चुकीचं आहे. पिंपळाच्या पानांच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळतं आणि जोरात खोकल्याने अटॅक थांबतो, हे व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश तर जिवावर बेततात. गुठळी खोकल्याने हलत नाही, आणि खोकण्यात गेलेल्या प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो.

छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटलं, दुखणं जबड्यात किंवा हातात गेलं, दरदरून घाम फुटला, तर घरी सॅम्पल घ्यायला माणूस बोलावू नका. १०८ला फोन करा किंवा जवळच्या, ईसीजी निघेल अशा रुग्णालयात जा. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात नुसता दम, मळमळ किंवा गळून जाणं एवढंच असू शकतं. पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. त्यात धमनी पूर्ण बंद असल्याची खूण दिसली तर ट्रोपोनिनसाठी कोणी थांबत नाही, थेट अँजिओप्लास्टी किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. कॅज्युअल्टीत सांगायच्या गोष्टी चार: दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं, किडनीचा त्रास आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत (केसांच्यासुद्धा), आणि जुना ईसीजी असेल तर तो, निदान मोबाइलमधला फोटो तरी.