खोक्यावर ‘५जी’ लिहिलंय, पण कुठलं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात उभं राहा. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, चार्जिंग किती वॅटचं, यावर अर्धा अर्धा तास बोलणं चालतं. गगनबावड्यात रेंज येईल का, असं एखादं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा “५जी आहे की, येतंय सगळीकडं!” या उत्तरावर विषय मिटतो. खोक्यावरचं ‘५जी’ खोटं नसतं. पण तो फोन तुमच्या गावात कसा चालेल हे ठरवणारी यादी वेगळीच असते आणि बऱ्याचदा ती खोक्यावर छापलेलीही नसते. ती म्हणजे बँडची यादी.

बँड म्हणजे रेडिओ लहरींचा ठरावीक पट्टा. भारतात ४जी मुख्यतः ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतं. फोनच्या माहितीपत्रकात हेच पट्टे बी५, बी८, बी३, बी१, बी४० आणि बी४१ या नावांनी दिसतात. ५जीची नावं ‘एन’पासून सुरू होतात. आपल्याकडे त्यातले दोन महत्त्वाचे: ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ आणि ३३०० मेगाहर्ट्झचा एन७८. तिसरा २६ गिगाहर्ट्झचा एन२५८. त्याची लहर सव्वा सेंटिमीटरहूनही थोडी आखूड असते. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात १८९०च्या दशकात याहूनही आखूड लहरींवर प्रयोग केले होते, ही आठवण सुखावणारी आहे. पण फोन निवडताना एन२५८ नसला तरी आज काही अडत नाही.

आता ७०० आणि ३३०० यांतला फरक. पहिल्याची लहर सुमारे ४३ सेंटिमीटरची, दुसऱ्याची ९ सेंटिमीटरची. एकाच धाटणीच्या अँटेना धरल्या, तर मोकळ्या हवेतसुद्धा तेवढ्याच अंतरावर ३३०० मेगाहर्ट्झची शक्ती ७००च्या तुलनेत साधारण २२ पट कमी हाती येते. वाटेत डोंगराचा खांदा आला, की लांब लहर थोडी वळून पलीकडे उतरते. आखूड लहर त्या मानाने कमी वळते. राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर हा फरक लगेच जाणवतो. शिरोळ-हातकणंगल्याची सपाटीही वाटते तितकी सोपी नाही. डोक्याच्या वर गेलेला ऊस म्हणजे पाण्याने भरलेल्या पानांची भिंत, आणि पाणी आखूड लहरी जास्त शोषतं. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंतींतही हेच होतं. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र कुठल्याच बँडची धडगत नसते, कारण धातू लहरी परतवून लावतो.

मग सगळीकडे ७००च का नाही? कारण तिथे जागा कमी. २०२२च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकट्या जिओने घेतला, तोही १० मेगाहर्ट्झ रुंदीचा. ३३००च्या पट्ट्यात त्याच कंपनीकडे १०० मेगाहर्ट्झ आहेत. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेलं गणित सांगतं, की माहिती वाहून नेण्याची क्षमता पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. नुसती शक्ती वाढवून मिळणारा फायदा मात्र लवकर आटतो. नवरात्रात महाद्वार रोडवर फोन ‘फुल्ल टॉवर’ दाखवतो आणि तरी यूपीआयचं चक्र फिरतच राहतं, ते यामुळे. सिग्नल जोरदार असतो, पण एका टॉवरची क्षमता हजारो फोनमध्ये वाटली जात असते. अशा गर्दीत एन७८ कामाला येतो. पट्टा रुंद असतो आणि टॉवरवरच्या डझनावारी छोट्या अँटेना वेगवेगळ्या फोनकडे वेगवेगळे झोत वळवू शकतात.

‘फुल्ल टॉवर’चं आणखी एक गौडबंगाल आहे. त्या दांड्या फक्त टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोचतो ते दाखवतात. तुमचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो का, याबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. खासबागेत कुस्तीच्या वेळी कर्ण्यावरचं समालोचन शेवटच्या पायरीवर स्पष्ट ऐकू येतं, पण तिथून तुम्ही दिलेली हाळी समालोचकाला ऐकू जाणार नाही; तसंच. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहूनही जास्त शक्तीने बोलतो, तर ४जी फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॅट. जुने बटणाचे २जी फोन ९००च्या पट्ट्यात २ वॅटपर्यंत ओरडू शकत. “जुन्या फोनला शेतात रेंज यायची” ही तक्रार म्हणूनच निव्वळ आठवणींचा गोडवा नाही. त्यात आपण फोन असा धरतो, की हाताच्या मुठीतच त्याची अँटेना झाकली जाते.

पावसाबद्दलही एक गैरसमज आहे. गगनबावड्यात धो धो पाऊस लागला की रेंज जाते, हे खरं. पण ७०० ते ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींना पावसाच्या थेंबांचा जवळजवळ काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो टॉवरला टॉवर जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह दुव्याला. टॉवरवर ढोलकीसारखे गोल डबे दिसतात, ते याचेच. त्यातले बरेच १५ गिगाहर्ट्झ किंवा त्याच्याही वर चालतात आणि तिथे पाऊस खरोखर आडवा येतो. शिवाय लाईट गेलेली असते आणि टॉवरची बॅटरी उतरत आलेली असते. यावर महागडा फोन हा इलाज नाही.

खरेदीला जाताना पाहायचं काय? आधी सिम ठरवा, मग फोन. घरी, शेतावर, कामाच्या ठिकाणी, म्हणजे शिरोली एमआयडीसी असेल तर तिथेही, कुणाची रेंज धड येते ते शेजाऱ्यांच्या फोनवर बघा. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०२४च्या नियमांनुसार कंपन्यांना संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. तेही चाळावेत, पण शेजाऱ्याचा शब्द जास्त मोलाचा. मग फोन बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर नेमक्या त्या मॉडेल क्रमांकाची बँडची यादी उघडा. परदेशातून कुणी आणलेला फोन दिसायला तोच असला तरी त्याची यादी वेगळी असू शकते.

जिओ वापरत असाल तर बी३, बी५, बी४० आणि ५जीसाठी एन२८, एन७८ दोन्ही हवेत. शिवाय ‘एसए’, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या ५जीची सोय हवी. एअरटेलने ५जी सुरू केलं ते ४जीच्या खांद्यावर, म्हणून तिथे फोनचं ४जीही दमदार लागतं. सेकंडहँड घेताना जास्त जपा. २०२०-२१ मधल्या काही ५जी फोनमध्ये ५जीचे एक-दोनच बँड होते. बीएसएनएलचं सिम असेल तर वेगळंच प्रकरण: त्यांचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे ४जीच्या यादीत बी२८ लागतो. एन२८ असला म्हणजे बी२८ असतोच असं नाही. ही चूक दुकानदारांकडूनही होते.

जाहिरातीतल्या गिगाबिटच्या आकड्यांवर मी तरी एक रुपयाही जास्त देणार नाही. ते अनेक बँड एकत्र जोडून, आदर्श परिस्थितीत मिळणारे आकडे असतात. फुल एचडी व्हिडिओला ५ मेगाबिट पुरतात. त्यापेक्षा फोन हातात आल्यावर सेटिंगमध्ये ‘सिम स्टेटस’ उघडून डीबीएमचा, म्हणजे फोनपर्यंत पोचणाऱ्या सिग्नलच्या शक्तीचा आकडा बघा. ४जीला उणे ८० ते ९० म्हणजे छान, उणे ११०च्या खाली अवघड. दर १० ला शक्ती दहापट बदलते, म्हणजे उणे ८० आणि उणे ११० यांत हजार पटींचं अंतर. दोन फोनवर एकाच कंपनीची सिम घालून, एकाच बँडवर, घरातल्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात हा आकडा ताडून पाहिला, तर कुणाची अँटेना बरी ते पाच मिनिटांत कळतं.