जास्त पळालेली गाडी आणि जास्त झिजलेली गाडी

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "रनिंग किती?" उत्तर चाळीस-पन्नास हजार किलोमीटरच्या आत आलं की बोलणं पुढे सरकतं. लाखाच्या वरचा आकडा ऐकला की, "नको, फार चाललीये." ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सपर्यंत सगळीकडे हेच ऐकतो. या एका प्रश्नापायी लोक चांगल्या गाड्या सोडून देतात आणि आतून दमलेल्या गाड्या जास्त पैसे मोजून घरी आणतात. गाडी किती पळाली हा एक प्रश्न आणि ती किती झिजली हा दुसरा. मीटर फक्त पहिल्याचं उत्तर देतो.

कागदपत्रांवर वेळ घालवत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. आरसी, विमा, पीयूसी बघा. सरकारी एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, गाडी टी परमिटवर, म्हणजे भाड्याच्या वापरासाठी, नोंदवलेली आहे का, हे तपासा. पासिंग एमएच ०४ (ठाणे) की एमएच ४३ (नवी मुंबई), यावर लोक उगाच काथ्याकूट करतात. गाडीची नोंदणी कुठली, एवढंच त्यातून कळतं. ती कुठल्या रस्त्यावर चालली ते कळत नाही. आणि सगळा मुद्दा रस्त्याचाच आहे.

दोन गाड्या घेऊ. मॉडेल एकच, दोन्ही पेट्रोल, मॅन्युअल, २०१८ च्या. पहिली घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीची. मालक रोज तीच घेऊन वागळे इस्टेटला ऑफिसला जायचे, मीटरवर ४५,०००. दुसरी खारघरची. मालकाचं काम पुण्यात, आठवड्याला एक फेरी, कधी दोन. मीटरवर १,३५,०००. दहापैकी नऊ जण दुसरी गाडी बघायलासुद्धा जाणार नाहीत.

आता किलोमीटर सोडा आणि इंजिन किती तास चाललं ते मोजा. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा असा सकाळ-संध्याकाळचा रस्ता, त्यात मेट्रोच्या कामांनी वर्षानुवर्षं अडवलेल्या लेन. तिथे ताशी सरासरी १५ किलोमीटर पडले असं धरू. ४५,००० भागिले १५ म्हणजे ३,००० तास. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवाल्या दुसऱ्या गाडीचा कळंबोलीपर्यंतचा आणि पुण्यातला ट्रॅफिक धरूनही सरासरी ६० धरू. १,३५,००० भागिले ६० म्हणजे २,२५० तास. मीटरवर तिप्पट आकडा असलेल्या गाडीचं इंजिन ७५० तास कमी चाललंय. हा हिशेब कुणीही फोनवर करू शकतो, तरी गाडी बघताना कुणी करत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

प्रत्येक तास सारखा नसतो, हे मान्य. सिग्नलला उभ्या इंजिनवर भार कमी असतो आणि खंडाळ्याचा घाट चढताना जास्त. म्हणून तासांचा आकडाही डोळे मिटून घेऊ नका. पण शहरातल्या तासांबरोबर आणखी दोन गोष्टी येतात.

पहिली म्हणजे गार इंजिन चालू करणं. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल खाली उतरलेलं असतं. स्टार्टर मारल्यावर ते सगळीकडे पोचेपर्यंत आणि इंजिन गरम होईपर्यंत झीज सर्वात जास्त होते. कासारवडवलीची गाडी रोज सकाळी एकदा आणि ऑफिस सुटल्यावर एकदा अशी गार अवस्थेतून सुरू झाली. वर्षाला २८० दिवस धरले तर आठ वर्षांत साडेचार हजारांच्या आसपास. खारघरहून पुणे एका बाजूने १२० किलोमीटर धरलं, तर दुसऱ्या गाडीचे गार स्टार्ट अकराशे-बाराशे भरतात. एकदा गरम झालं की ते इंजिन दीड-दोन तास एका लयीत चालतं, ऑइलमधली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जातं. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ते ऑइलमध्येच साचत राहतं.

दुसरी म्हणजे क्लच. पुण्याला जाणारी गाडी टॉप गिअरमध्ये टाकली की पाय बराच वेळ मोकळा. कापूरबावडीच्या रांगेत मात्र पहिला, दुसरा, परत पहिला, आणि मधे हाफ क्लचवर सरकत राहणं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग यांचं आयुष्य या दाबण्यांवर ठरतं. ब्रेक पॅडचंही तसंच.

यात भर म्हणून सर्व्हिसिंगची एक वाईट सवय. बहुतेक पेट्रोल गाड्यांना सर्व्हिस १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल तेव्हा सांगितलेली असते. कमी चालवणारे "किंवा एक वर्ष" हे शब्द वाचतच नाहीत. "अजून दहा हजार झाले कुठे?" म्हणत तेच ऑइल दीड-दोन वर्षं चालवतात. घोडबंदरच्या १५ च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे त्या ऑइलने ६६७ तास काम केलं. एक्सप्रेसवेवर तेवढ्याच किलोमीटरला १६७ तास होतात.

म्हणूनच जाहिरातीत "फक्त ऑफिसला वापरलेली" असं कौतुकाने लिहिलेलं दिसलं की मी सावध होतो. ऑफिस कुठे आणि घर कुठे, हे आधी विचारा.

दुसऱ्या गाडीचं सगळं छान, असं नाही. १,३५,००० किलोमीटरमध्ये शॉकअप, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, व्हील बेअरिंग या चाकांजवळच्या भागांचं आयुष्य संपत आलेलं असतं किंवा ते एकदा बदललेले असतात. पुढच्या बंपरवर आणि बोनेटच्या टोकावर खडीचे टवके असतात. उन्हासमोर बसून पुढच्या काचेकडे बघा, बारीक टोचल्यासारखे असंख्य ठिपके चमकतील. पण हे सगळं बदलता येतं आणि त्याचा खर्च आधी कळतो. गॅरेजमधून लेखी एस्टिमेट घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. ऑइल खाणाऱ्या इंजिनाचं एस्टिमेट मात्र ते खोलल्याशिवाय कुणी नीट देऊ शकत नाही.

आता गाडी कोणत्या रस्त्यावर चालली हे ओळखायचं कसं? विक्रेता सांगेल त्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांच्या डिस्प्लेवर सरासरी वेग दिसतो. ट्रिप ए (फेरीपुरते किलोमीटर मोजणारा छोटा मीटर) लोक दर वेळी पेट्रोल भरताना शून्य करतात, पण ट्रिप बी अनेकांनी कधी हातही लावलेला नसतो. बटण दाबून तिथे जा. काही हजार किलोमीटरच्या ट्रिपवर सरासरी वेग १६-१७ दिसला, तर गाडी ट्रॅफिकमध्ये जगली आहे. ४०-४५ दिसला, तर हायवेवर. ही दोन मिनिटांची तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण तो आकडा सजवायचं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

मग खाली वाकून पेडल बघा. क्लचच्या रबरावर आडव्या रेघा असतात. ट्रॅफिकमधल्या गाडीत मधल्या रेघा पार गुळगुळीत होतात, कडेला तेवढ्या उरतात. मीटर ४५,००० दाखवतोय, रबर टकलं झालंय, स्टिअरिंग घासून चकचकीत आहे आणि ड्रायव्हर सीटची उतरायच्या बाजूची कड बसली आहे, तर शक्यता दोनच. एक तर गाडी फार ट्रॅफिकमध्ये चालली, नाही तर मीटर मागे घेतलाय. डिजिटल मीटर मागे घेता येत नाही, ही समजूत साफ चुकीची आहे. त्यावर एकच खात्रीचा उपाय: अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मालकाकरवी पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड काढून घ्या. प्रत्येक भेटीच्या तारखेसमोर किलोमीटर लिहिलेले असतात. आकडा कुठे मागे गेला असेल तर तिथेच थांबा.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की चालू करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेवून ती गार आहे याची खात्री करा, मगच स्टार्ट. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून जपून उचला. तिथून धूर भसाभस बाहेर ढकलला जात असेल तर मेकॅनिक म्हणतात तसं इंजिन "बॅक कॉम्प्रेशन मारतंय", म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्यात. विकायच्या आधी इंजिन धुऊन, वर पॉलिश मारून चमकवलेलं असेल तर मला ते अजिबात आवडत नाही. धुळीने माखलेलं इंजिन परवडलं, ऑइल कुठून झिरपतंय ते त्यावर स्पष्ट दिसतं.

क्लचसाठी गाडी सपाट रस्त्यावर उभी करा, समोर मोकळी जागा ठेवा. हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा अॅक्सिलरेटर देत क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. घुरघुरत चालूच राहिलं तर क्लच बदलण्याचा खर्च हिशेबात घ्या. नंतर गायमुखच्या चढावर न्या. चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम (इंजिनचे फेरे) चढतोय आणि वेग तिथेच, तर निकाल तोच.

तिसराही एक प्रकार आहे, जो लोक डोळे झाकून घेतात: सात-आठ वर्षांत १५-२० हजार किलोमीटर, "काका फक्त रविवारी काढायचे." ऐरोली किंवा वाशीला खाडीच्या वाऱ्यात उघड्यावर उभी राहिलेली अशी गाडी दाराच्या खालच्या कडांना आणि सायलेन्सरला गंजते. रबरी बुश आणि होज चालवून जितके जात नाहीत तितके उभ्याने कडक होतात. टायरवरचा चार आकडी कोड वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसली तरी असे टायर बदलावे लागतात.

एक लाखाच्या पुढची गाडी मी कधी घेणार नाही? सर्व्हिस रेकॉर्ड नसेल तर. दोन-तीन वर्षांत एवढं रनिंग शहरातच झालं असेल, म्हणजे भाड्याने फिरली असेल, तर. ऑटोमॅटिक असून गिअरबॉक्सचं काम वेळेवर केल्याचा कागद नसेल तर. यातलं काही नसेल आणि गार स्टार्ट, धूर, क्लच ठीक असतील, तर आठ वर्षांच्या गाडीला १,३५,००० हा आकडा मला अडवत नाही. वर्षाला १७,००० सुद्धा होत नाहीत.

मात्र घेतल्यावर ती तुम्ही कुठे चालवणार, हेही बघा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी सलग काही वेळ चांगल्या वेगात चालावी लागते. पुण्याला जाऊन-येऊन सव्वा लाख झालेली उत्तम डिझेल गाडी आणून तुम्ही रोज हिरानंदानी इस्टेट ते ठाणे स्टेशन एवढीच चालवलीत, तर तो फिल्टर तुंबेल, आणि त्यात गाडीच्या आधीच्या किलोमीटरचा काही दोष नसेल. असा वापर असेल तर पेट्रोलच घ्या. महिन्यातून दोनदा साताऱ्याला गावी जाणं होत असेल, तर ती डिझेल तुमच्यासाठीच आहे.