समुद्रतळाचे मँगनीजचे गोळे आणायचेत? आधी तळ कोणाचा ते पाहा

फर्ग्युसनला किंवा विद्यापीठात भूशास्त्र शिकणाऱ्या एखाद्याच्या मनात कधी ना कधी येतंच: चार-पाच किलोमीटर खोल तळावर बटाट्यासारखे पसरलेले हे गोळे आपणच का आणू नयेत? परवानगी कोणाची, हे तळ कोणाचा यावर ठरतं. भारताच्या सागरी हद्दीत २००२ चा समुद्री खनिज कायदा आणि केंद्र सरकार. देशांच्या हद्दीपलीकडे मात्र जमैकातल्या किंग्स्टनचं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण. गोळ्यांचा मोठा साठा तिकडेच आहे.

तिथे दोन वाटा आहेत. पहिली प्राथमिक शोधाची. तिच्यासाठी परवाना लागत नाही, महासचिवांना लेखी सूचना द्यायची. त्यात नाव, राष्ट्रीयत्व, क्षेत्राचे अक्षांश-रेखांश, कामाचा आराखडा, सुरुवातीची तारीख आणि नियम पाळण्याची लेखी हमी. सूचनेवर ४५ दिवसांत निर्णय होतो. चाचणीपुरतेच नमुने उचलता येतात, विकता येत नाहीत. आणि क्षेत्रावर हक्कही मिळत नाही. दुसऱ्याचा करार असलेल्या क्षेत्रात त्याच खनिजासाठी शिरायचं नाही. मध्य हिंदी महासागरातलं सुमारे ७५,००० चौरस किमी क्षेत्र भारत सरकारच्याच करारात आहे, तेव्हा तिथे स्वतंत्रपणे जाण्याचा विचार सोडा.

दुसरी वाट समन्वेषण, म्हणजे सविस्तर शोध, कराराची, १५ वर्षांची. चाकणच्या एखाद्या कंपनीला ती हवी असेल तर सर्वांत अवघड कागद म्हणजे सरकारचं प्रायोजकत्व प्रमाणपत्र. त्याशिवाय अर्जच उभा राहत नाही, कारण कंपनी चुकली तर प्रश्न देशालाही विचारले जातात. सोबत आर्थिक-तांत्रिक क्षमतेचे पुरावे, पहिल्या पाच वर्षांचा कार्यक्रम, पर्यावरणाच्या मूळ स्थितीच्या अभ्यासाची योजना. गोळ्यांसाठी शुल्क ५ लाख डॉलर. शिवाय खासगी अर्जदाराला सहसा क्षेत्राचे सारख्या मोलाचे दोन भाग दाखवावे लागतात. त्यातला एक प्राधिकरण राखून ठेवतं. हे वाचून बहुतेकांचा उत्साह लकडी पुलाच्या आतच मावळतो.

विद्यार्थ्याला यातलं काहीच लागत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने १९८१ मध्ये अरबी समुद्रातून पहिले गोळे वर काढले. या संस्थेचा या विषयातला अनुभव तेव्हापासूनचा. तेव्हा मार्गदर्शकांमार्फत तिथल्या शास्त्रज्ञांना सहकार्यासाठी पत्र लिहा. किती ग्रॅम हवेत, कोणती चाचणी, तीत नमुना नष्ट होणार का, हे पत्रात स्पष्ट लिहा. गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतो. 'थोडेसे द्या' एवढ्यावर तो कोणी हातात ठेवणार नाही.