चिखलातली शिरगणती

सोलापुरात समुद्र नाही. तरी आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या सहलीतून दरवर्षी कुणी ना कुणी कोकणातल्या खाडीचा गाळ बाटलीत भरून आणतंच. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतली अशीच एक बाटली मागे उघडली आणि सडक्या अंड्यांच्या वासाने प्रयोगशाळा ओस पडली. गाळ काळाकुळकुळीत. बशीत पसरून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी वरचा थर तपकिरी! वास हायड्रोजन सल्फाइडचा, काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा. हवा लागली की ते गंजतं. ही करामत जिवाणूंची, पण नेमक्या कोणत्या?

हे शोधायची जुनी रीत म्हणजे जिवाणू अगारावर, म्हणजे शेवाळापासून केलेल्या जेलीवर वाढवणं. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत 1880च्या दशकात ती रुळली, 1887मध्ये पेट्रीची बशी आली. शंभर वर्षं तिच्यावर काढली. पण सूक्ष्मदर्शकाखाली जितक्या पेशी दिसतात, त्यांच्या एक टक्काही बशीत उगवत नाहीत, असा अनुभव पुन्हा पुन्हा येई. गाळातल्या कित्येकांना तर ऑक्सिजनच विष.

वाट दुसरीकडूनच निघाली. प्रथिनं बनवणारा रायबोसोम प्रत्येक पेशीला लागतोच. त्याच्या लहान भागातला 16एस आरएनए फार सावकाश बदलतो, म्हणून नातं जुळवायला सोयीचा. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूस यांनी किरणोत्सारी फॉस्फरस वापरून, विकराने त्याचे तुकडे करून, फिल्मवरचे ठिपके वर्षानुवर्षं ताडून पाहिले. किचकट, डोळे फोडणारं काम. 1977मध्ये त्यांनी आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केलं, की मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मुळात जिवाणूच नव्हेत. त्यांचं घराणंच वेगळं.

पुढे नॉर्मन पेस यांच्या गटाने विचारलं: वाढवायचं कशाला? नमुन्यातूनच 16एसची जनुकं काढून वाचू. डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआरने ते सोपं केलं. 1990मध्ये अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राच्या पाण्यात या पद्धतीने एसएआर-11 हा जिवाणूंचा गट सापडला. तो प्रयोगशाळेत वाढवता आला 2002मध्ये. बारा वर्षं तो फक्त डीएनएच्या अक्षरांतच ओळखीचा होता!

पाण्याचं ठीक, गाळ मात्र हट्टी. त्यातली कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची ह्युमिक आम्लं डीएनएबरोबर उतरतात, नळीत चहासारखा रंग येतो आणि पीसीआर अडतो. मेलेल्या पेशींचा डीएनए मातीच्या कणांना चिकटून राहतो, तोही मोजला जातो. शिवाय आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूमध्ये 16एसच्या जनुकाच्या सात प्रती असतात, काहींत एकच. म्हणजे शिरगणतीत एकेकाची सात-सात डोकी.

माझ्या मते खरी अडचण निराळीच. 16एस म्हणजे आडनाव. त्यावरून घराणं कळतं, पोटापाण्याचा धंदा कळेलच असं नाही. त्यासाठी धंद्याचंच जनुक शोधावं लागतं. ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करून हायड्रोजन सल्फाइड सोडणाऱ्यांसाठी डीएसआर, मिथेनवाल्यांसाठी एमसीआर-ए. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक, म्हणून खाडीच्या वरच्या गाळात पहिल्यांची चलती. आमच्या सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या गोड्या तलावात सल्फेट कमी. तिथल्या काठच्या गाळात काठी खुपसली, की वास कमी आणि मिथेनचे बुडबुडे जास्त.